मधमाशी आणि शिंगाळ्याचा काटा

गव्हाण गावातल्या आमच्या घरात मधाची बाटली पाण्याच्या ताटलीत उभी असायची. मुंग्या चढू नयेत म्हणून. ताटलीतलं पाणी आटलं की आई चुलीपाशी बसूनच ओरडायची, "मधाला पानी घाल गो!" आणि घरात नवखा पाहुणा असला तर तो दचकून तिच्याकडे बघायचा. त्या बाटलीला आमच्याकडे औषधाचा मान होता. खोकला झाला की आल्याच्या रसातून मध, घसा बसला की हळदीतून, भाकरी थापताना तव्याचा चटका बसला की आधी गार पाणी आणि मग वरून मधाचं बोट. नुसता चाटायला मागितला तर मात्र मिळत नसे. "तुला काय झालंय?" असं आई विचारायची, आणि काही झालेलं नसायचं.

लग्नाआधी बाबा स्वतः खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत शिरून पोळी काढायचे. ओहोटीला चिखल तुडवत आत जायचं, ओल्या गवताचा धूर करायचा आणि पोळं कापून डब्यात घालायचं. त्या मधाला शेवटी जिभेवर किंचित खारट चव यायची, असं ते सांगत. एकदा अख्खं मोहोळ त्यांच्या अंगावर उठलं. ते चिखलात लोळले, खाडीत बुडी मारून बसले आणि तोंड भोपळ्याएवढं करून घरी आले. ही गोष्ट ते इतक्या वेळा आणि इतक्या आनंदाने सांगायचे, की लहानपणी मला तो त्यांचा पराक्रमच वाटायचा. लग्नानंतर आईने त्यांचं ते बंद केलं आणि बाटली बाजारातल्या मधाने भरायला लागली. ती गोष्ट पुढे एका डॉक्टरीणबाईंनी ऐकली तेव्हा त्या हसल्या नाहीत. पण ते नंतर.

बाबांची लहानशी होडी होती. खाडीत जाळं टाकायचं, मिळेल ती मासळी काठाला आणायची आणि पाटीत ओतायची, इथे त्यांचं काम संपायचं. पाटी डोक्यावर चढली की पुढचं सगळं आईचं. टेम्पोत जागा धरणं, पनवेलच्या मासळी बाजारात बसणं, वाटे लावणं, भाव बोलणं, गिऱ्हाइकाला मासळी कापून देणं, यातल्या कशातही पुरुषाने हात घालायचा नाही. तसा नियम कुणी कुठे लिहून ठेवला नव्हता. पण बायकोच्या पाटीवर बसलेला पुरुष मी लहानपणी एकही पाहिला नाही, आणि एखाद्याला चिडवायचंच असलं तर "जा, पाटीवर जाऊन बस" एवढं पुरे व्हायचं. बाबा बाजाराच्या बाहेरून आईला हाक मारत, आत येत नसत.

आईच्या हातांची गोष्ट हळूहळू सुरू झाली. सकाळी उठल्यावर तिची बोटं मिटत नसत. सांधे लाल, फुगलेले, जणू आत कोणी शेंगदाणे भरलेत. ती चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायची आणि ऊब लागली की एकेक बोट वाकवून बघायची. आयुष्यभर बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात, त्याला काय होणार, असं आजूबाजूच्या बायका म्हणत. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. मग कोयता तिच्या हातून निसटायला लागला. एका सकाळी तो सरळ पायाच्या अंगठ्याजवळ पडला. दुसऱ्या दिवसापासून पाटीबरोबर मीही बाजारात जायला लागले.

तेव्हा मी पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेज म्हणजे नक्की काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं नव्हतं. बॉटनीचं प्रॅक्टिकल सकाळचं असायचं आणि बाजारही सकाळचाच. मी कोलंबी सोलून, बोई कापून, हाताला लिंबू चोळून पळत जायची तोपर्यंत अर्धं प्रॅक्टिकल झालेलं असायचं. मायक्रोस्कोप दोघींत एक. माझ्या शेजारची मुलगी चांगली होती, कधी काही बोलली नाही, पण मी वाकले की ती किंचित मागे सरकायची. पुढे पुढे मी जाणंच टाळायला लागले. मग बॉटनीच्या बाईंनी मला थांबवून सांगितलं, "तुझी प्रॅक्टिकल्स अशीच बुडाली ना, तर टर्म ग्रँट होणार नाही. परीक्षेला बसता येणार नाही तुला. घरी काही प्रॉब्लेम आहे का?" मी नाही म्हणाले. आईची बोटं मिटत नाहीत, हे इंग्रजी-मराठी मिसळून कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

बाबांनीही तो विषय एकदाच काढला. जाळं विणता विणता, माझ्याकडे न बघता. "दिवाळीपर्यंत बघू. तवर आयशीचा हात बरा झाला तर ठीक. नायतर कालेज ऱ्हाऊ दे, बाय. पाटी कोनी तरी उचलायला पायजे ना?" त्यात राग नव्हता. आई चुलीपाशी जवळ्याची चटणी परतत होती. तिने चमचा जोरात कढईवर आपटला, तेवढंच.

आईची काही गिऱ्हाइकं नवीन पनवेलच्या सेक्टरमध्ये होती. बाजार उठला की उरलेली चांगली मासळी घेऊन ती त्यांच्या घरी जायची. त्यातल्या कर्णिककाकू म्हणजे मासळीच्या खऱ्या दर्दी. जिताडा दिसला की त्यांचा आवाजच बदलायचा. कर्णिककाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, कायम अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर, आणि त्यांच्या बैठ्या घराच्या गच्चीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या. कुठलंसं प्रशिक्षण घेऊन त्यांनी हा उद्योग सुरू केला होता. काकू म्हणायच्या, "रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, आमचे हे माश्या सांभाळतात!"

त्याच सुमारास आईच्या बोटात कोलंबीचं शिंग घुसलं आणि जखम चिघळली. काकांनी ते पाहिलं. त्यांनी तिला ओट्याशी उभं करून उकळून गार केलेल्या पाण्याने बोट धुतलं, स्वच्छ फडक्याच्या पट्टीवर आपल्या पेटीतला मध पसरला आणि बांधून दिला. रोज पट्टी बदलायची, पाण्यात घालायचं नाही, आणि लाली वर चढली तर तडक डॉक्टरकडे, असं बजावलं. जखम भरली. मध आमच्याही घरी होता, पण चटक्याला लावायचा मध कापल्या-चिघळल्यालाही चालतो, हे आईला नवीन होतं. त्या दिवसापासून काका तिच्या लेखी मोठे वैद्य झाले. म्हणूनच पुढे जेव्हा ते तिच्या सुजलेल्या सांध्यांकडे बघून म्हणाले, "मावशी, याला मध नाही, माशीच पाहिजे," तेव्हा ती हसली नाही.

काकांच्या गुडघ्याला ते स्वतः माश्या लावून घेत. चिमट्यात माशी धरायची, दुखऱ्या जागी टेकवायची, ती डंख मारते आणि नांगी तिथेच सोडते. "तिच्या विषाने सूज उतरते. माझं बघा, जिने चढतो मी. परदेशात यावर रिसर्च चाललाय, मावशी." आईने घरी येऊन ते सगळं मला सांगितलं आणि विचारलं, "तू सायन्सला हायस ना? खरं का हे?"

घरातला पहिला शिकणारा माणूस म्हणजे घराला वाटतं, आता हिला सगळं ठाऊक. रेशनच्या कार्डापासून चंद्रग्रहणापर्यंत मलाच विचारलं जायचं. मी लायब्ररीत जाऊन जाडजूड पुस्तकं उघडली. त्यांत मधमाशीचे पाय होते, सोंड होती, नांगीची सुंदर आकृती होती. आईच्या बोटांबद्दल काहीच नव्हतं. मी तिला म्हणाले, "मला माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही." ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "बरं. मंग बघू लावून."

भांगाचे दिवस होते. पाण्याला जोर नसला की जाळ्यात फारसं काही येत नाही, म्हणून बाबा घरी होते. ते बरोबर निघाले, ते गंमत बघायला. वाटेत एसटीत त्यांनी मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही सांगून टाकलं, "बायकोला माशी चाववायला नेतोय!" आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती की बाबांना शिव्या देत होती, ते कळलं नाही.

काकूंनी आम्हाला बाहेरच्या पडवीत बसवलं. काका गच्चीवरून छोट्या बाटलीत एक माशी घेऊन आले. काचेवर तिची धडपड आणि बारीक गूं असा आवाज. आईने हात पुढे केला आणि मागे घेतला. परत पुढे केला, परत मागे. रोज शेकडो मासे कापणारी माझी आई त्या एवढ्याशा जिवाकडे बघून पांढरी पडली होती.

"अगं, काय घाबरतेस?" बाबा म्हणाले. "शिंगाल्याचा काटा खाल्लेला मानूस हाय मी. पाकटानं शेपटी मारलेली हाय मना. काका, आधी मना लावा. बघू दे तिला."

"तुम्हाला काही होत नाहीये ना कुठे? दुखत नाहीये?" काकांनी विचारलं.

"दुखत नसलं तर लावायची नाय का? औषधच हाय ना?"

काका हसले आणि त्यांनी ती माशी बाबांच्या मनगटावर टेकवली. बाबांनी पापणीही हलवली नाही. नांगी काढून टाकल्यावर ते आईकडे वळून म्हणाले, "एवढंच? याच्यापेक्षा तुझं बोलनं जास्त लागतं." आईसुद्धा हसली. तिने पदर खोचला, हात मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाली, "आना माझी." काका दुसरी माशी आणायला गच्चीवर गेले.

काका वर होते तेवढ्यात सगळं घडलं. बाबा आधी तळवा खाजवायला लागले, मग डोकं, मग पोट. मनगट फुगून कोपरापर्यंत लाल झालं. "विष चढतंय," ते म्हणाले, पण शांतपणे, माहितीतली गोष्ट असल्यासारखं. "गरम पानी आना." आणि मी आणि आई, दोघीही विचार न करता उठलो. शिंगाळा माशाचा विषारी काटा लागला की आमच्याकडे हेच करतात. सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, कळ उतरते. खाडीवरच्या प्रत्येक घराने हे केलंय आणि प्रत्येकाला गुण आलाय. काकूंनी चहासाठी आधण ठेवलंच होतं. मी ते बादलीत ओतलं, आईने गार पाणी मिसळून बघितलं आणि बाबांनी कोपरापर्यंत हात आत घातला. आम्हाला वाटलं, आता उतरेल.

उतरलं नाही. पाण्यात हात गेला आणि बघता बघता त्यांच्या मानेवर, गालांवर गांधी उठल्या. ओठ सुजले. ते काही तरी बोलायला गेले आणि आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणाचा आला. मग ते भिंतीला टेकले. ज्या माणसाला मी वादळात होडी ओढताना पाहिलं होतं, तो माणूस श्वास ओढत होता आणि तो पुरत नव्हता.

काका बाटली घेऊन खाली आले. त्यांनी बघितलं आणि बाटली तिथेच ठेवून स्कूटर काढली. दोन गल्ल्यांपलीकडे एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. पुढे काका, मध्ये बाबा आणि मागे आई. बाबांची मान लुळी पडत होती. आईने दोन्ही हात त्यांच्या पोटाभोवती टाकले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली. मी मागून चपला हातात घेऊन धावले. धावताना माझ्या डोक्यात एकच होतं, की बाबा दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले होते. का कोण जाणे, तेच.

मी पोचले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलेलं होतं. थोड्या वेळाने श्वास लांब झाला, गांधी फिकट पडल्या. आई खाटेच्या कडेला बसली होती, बोटं अजून तशीच एकमेकांत. बाईंनी तिला हात सोडायला सांगितले तर तिला सोडता येईनात. बाईंनी एकेक बोट हलक्या हाताने मोकळं केलं. आई कळवळून म्हणाली, "मिटताना काय नाय वाटलं हो. उघडताना जीव गेला."

बाबांच्या तिवरांतल्या पराक्रमाची गोष्ट बाईंनी तिथेच, माझ्याकडून ऐकली. त्या म्हणाल्या, आधी असे खूप डंख बसले असतील तर एखाद्याचं शरीर पुढच्या वेळी असं उसळतं. पुढची माशी यांच्या जिवावर बेतेल, हे कायम लक्षात ठेवा. गरम पाण्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "मासळीच्या काट्याला ते ठीक आहे. पण अंगभर उठलेलं असताना नाही. माशी म्हणजे मासा नव्हे, बाई!" मग त्या कर्णिककाकांकडे वळल्या आणि अशा काही बोलल्या, की एवढा उंच माणूस शाळेतल्या मुलासारखा खाली बघत उभा राहिला. काकांना नंतर कितीतरी वर्षं त्याचं वाईट वाटत राहिलं. आईच त्यांना समजावायची, की तुमच्या मधानं माझं बोट वाचलं, ते मी विसरले नाय.

निघताना बाईंनी आईचा हात पुन्हा हातात घेतला. हा आमवात आहे, म्हणाल्या. मोठ्या दवाखान्यात जाऊन नीट तपासून घ्या, गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील. आणि बर्फात, गार पाण्यात हात घालायचा नाही. सकाळी तर नाहीच.

"मंग मासली कोन कापंल?" आईने विचारलं. तो प्रश्न बाईंसाठी नव्हताच. मी खाली बघितलं. बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते, पण झोपलेले नव्हते.

पुढच्या काही दिवसांत बाबांची सूज उतरली, तरी ते अंगणात बसून मनगट न्याहाळायचे. बाजारात मीच जात होते. आणि मग एका सकाळी मला जाग आली तेव्हा घर शांत होतं. चूल विझलेली, कोपऱ्यातली पाटी नाही, कोयता नाही, आई नाही. मला वाटलं, उशीर झाला, आई एकटीच गेली. मी मिळेल तो टेम्पो पकडून बाजारात पोचले, तर आमच्या जागेभोवती बायकांचा घोळका आणि नुसता हशा.

आई लाकडी पाटावर बसली होती. हात कोरडे, पदरात गुंडाळलेले. आणि तिच्या शेजारी, कोयता समोर ठेवून, लुंगी वर खोचून, बाबा. शेजारची जनाआत्या टाळ्या पिटत होती, "या गो या! बाजारात नवी नवरी आलीय, तोंड बघून घ्या!" दुसरी म्हणाली, "भाऊ, कोयता हाय तो, वल्हं नाय. असा नका धरू!"

बाबांनी मान वर केली नाही. बोईचं खवलं काढता काढता म्हणाले, "एका माशीनं आडवा केला मना. आता तुमाला काय भ्यायचं?"

समोरचं गिऱ्हाईक, चष्मेवाले एक गृहस्थ, तुकड्यांकडे बघून कुरकुरले, "अहो, हे काय? एक जाड, एक पातळ. कालवणात शिजणार कसे?"

आई पदराआडून म्हणाली, "घ्या हो दादा. नवीन हाय तो. शिकंल."

तेवढ्यात बाबांना मी दिसले. त्यांचा चेहरा आधी शरमला, मग उगाचच रागीट झाला. "तू कशाला आलीस? कालेज नाय तुला?"

आईचे हात पूर्ण बरे कधीच झाले नाहीत. गोळ्यांनी ते पुष्कळ सुधारले, सकाळचा चहा ती कपाचा कान धरून पिऊ लागली. तिच्यासाठी आणलेली ती माशी मात्र बाटलीतच राहिली, आणि काकूंनी नंतर तिला सोडून दिलं. "माझी माशी यांनी खाल्ली," असं आई शेवटपर्यंत म्हणायची. तिला त्या डंखाने गुण आला असता का, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं. मुलं असलं काही विचारायची तेव्हा मी आईला दिलं तेच उत्तर द्यायची, आणि मग आम्ही शोधायचो. आज माझ्या फोनवर मधाचे रोज नवे गुण येऊन पडतात. खोकल्याला मी अजून मध घेते, चटक्याला लावतेही. भाचीच्या बाळाच्या जिभेवर घरच्यांनी मधाचं बोट लावायला घेतलं तेव्हा मात्र मी हात धरला. वर्षाच्या आतल्या बाळाला तो बाधू शकतो. एवढं मला माहीत आहे, तेवढं मी सांगते.

बाबा पाटीवर बसले त्या सकाळी मी बाजारातून सरळ कॉलेजात गेले. लिंबू न चोळता, कारण गरज नव्हती. बॉटनीच्या बाईंनी भोपळ्याच्या देठाचे छेद घ्यायला सांगितले होते, ब्लेडने, कागदासारखे पातळ. सगळ्या मुलींचे होत होते. माझा पहिला जाड आला, दुसरा तिरका गेला, तिसरा तुटला. बाई माझ्या टेबलापाशी येऊन थांबल्या आणि त्यांनी काचेच्या बशीत वाकून बघितलं.

"बाई, नवीन आहे मी," मी म्हणाले. "शिकेन."

बाईंनी माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं, आणि नवं ब्लेड माझ्या हातात दिलं.